एका प्रवेशाचा डॉक्टर

"कोट जरा आवळतोय," थॉर्नबी म्हणाला.

"वेबकॅमवर एवढं दिसत नाही." अंबरीषनं खिडकी लावून घेतली आणि कॉम्प्युटर सुरू केला. "पुण्याहून सासू-सासरे बोलतील. बायकोला तेल उडून भाजलंय, महिनाभर बोलायचं नाही, एवढंच तुम्ही सांगा. इथल्या जपानी डॉक्टरांना धड इंग्रजी येत नाही हो."

कारण पटण्यासारखं होतं. सिरिल थॉर्नबीनं लंडनच्या नाटकांत, सिनेमांत वर्षानुवर्षं हेच केलं होतं. कधी बटलर, कधी न्यायाधीश, बऱ्याचदा डॉक्टर. एका प्रवेशात यायचं, वाईट बातमी सांगायची आणि निघून जायचं. लोकांना त्याचा चेहरा आठवायचा, नाव नाही. नाटकाच्या दौऱ्यावर ओसाकाला आला आणि फुमिकोशी लग्न करून जपानचाच झाला. ती वारल्यावर माणसं भाड्यानं पुरवणाऱ्या एका एजन्सीनं त्याला कामं दिली. लग्नात पाद्री व्हायचं, कुणाच्या ऑफिसात परदेशी साहेब.

हिगाशी-कसाई वस्तीतल्या त्या घरात, अंबरीषनं जिची 'माझी बायको, नुपूर' अशी ओळख करून दिली होती, ती सोफ्यावर बसली होती. चेहऱ्याला, हातांना बँडेज, डोळ्यांवर काळा चष्मा. अंबरीष तिच्याशी एक शब्दही बोलला नव्हता.

पडद्यावर सासूबाई आल्या. "नुपूर, बाळा, हात तरी हलव गं."

ती तशीच बसून राहिली. अंबरीषनं खांदा दाबला, तेव्हा कुठे तिचा हात वर गेला. सासूबाईंना रडू फुटलं. थॉर्नबीला त्यांची भाषा कळली नाही, रडणं कळलं.

सासऱ्यांनी इंग्रजीत विचारलं, "डॉक्टर, आम्ही तिकडे येऊ का?"

अंबरीष थॉर्नबीकडे रोखून पाहत होता.

"आत्ता नको. जखमेला संसर्ग होईल."

हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. इतक्या सहज ते तोंडातून गेलं, की त्याचं त्यालाच कसंतरी झालं.

"छान केलंत, थॉर्नबी-सान." कॉम्प्युटर बंद करून अंबरीष फोन करायला बाल्कनीत गेला.

थॉर्नबीला तो दाबलेला खांदा दिसत राहिला. भाजलेल्या बायकोसाठी कुणी खोटा डॉक्टर का आणेल? तिला खरा डॉक्टर दाखवलाच नसेल तर? तो सोफ्यापाशी वाकला.

"मी डॉक्टर नाही, नट आहे. हे त्यानं केलं असेल, तर आत्ताच माझ्याबरोबर चला. स्टेशनजवळ पोलीस चौकी आहे."

तिनं बाल्कनीकडे पाहिलं. चष्मा काढला, गालावरचं बँडेज खाली ओढलं. कातडीवर ओरखडासुद्धा नव्हता.

"मलाही एजन्सीनंच पाठवलंय," ती जपानीत हळूच म्हणाली.