मोराची मान

"मोर? अन् थो बी फुटक्या कपबशीचा?" भगवंतराव एवढ्या मोठ्यानं हसला, की विहिरीतले पारवे फडफडून उडाले. "उकंड्या, कोंबडी झाली तरी लय झालं!"

मालेगावच्या माळीपुऱ्यानं श्रमदान करून विहिरीला नवा सिमिटाचा ओटा बांधला होता. घरोघरचे फुटके तुकडे त्यात बसवायचे ठरले, अन् त्यांचा ढीग उन्हात पडला होता. पाण्याला आलेली धुरपताबाई त्या ढिगाकडे पाहत थांबली, ती थांबलीच. मग घागर खाली ठेवून तिनं घरून कोळसा आणला अन् ओट्यावर भलामोठा मोर काढला. नवरा गेल्यापासून तिच्या हातात कोणी रांगोळी दिली नव्हती. कोळशाला मात्र कोणी अडवलं नाही.

सिमिट कालवणारा उकंडराव चिडला. "लागली शर्त! बाजाराच्या दिवशी परगावचा जो पयला मानूस पानी प्याले येईन, त्याले इचारू. कोंबडी म्हनला, तर मी भरबाजारात आरवत फिरीन. अन् मोर म्हनला तर?"

"तर हौसाबाईच्या हातानं बांगड्या भरीन!"

हौसाबाई कासारीण टोपली घेऊन तिथंच बसली होती. तिनं भगवंतरावचा पंजा न्याहाळला. "या मापाची बांगडी मले म्हशीसाठी बी मिळनार नाई, भाऊ."

काम जोरात सुरू झालं. हॉटेलवाल्यानं दांडे तुटलेले कप दिले, कोणी कंदिलाची काच, तर हौसाबाईनं टोपलीतल्या सगळ्या फुटक्या बांगड्या. पिसारा भरला, पाय उभे राहिले, तुराही झाला. मानेपाशी गाडं अडलं. निळं म्हणून काहीच उरलं नव्हतं.

धुरपता घरी गेली अन् एक गाडगं घेऊन आली. त्यात मोरचुदाच्या रंगाच्या बांगड्यांचे तुकडे होते. नवऱ्यानं पोहरादेवीच्या जत्रेतून आणलेल्या बांगड्या. तो गेला त्या दिवशी बायकांनी दगडानं फोडल्या, अन् तिनं मागून एकेक तुकडा वेचून ठेवला होता. तिनं ते एकाला एक भिडवत मानेत बसवले. मान उन्हात अशी झळकली, की हौसाबाईच्या तोंडून "व माय!" निघून गेलं.

तेवढ्यात भगवंतराव खुरपं घेऊन आला.

"रांडमुंड बाईच्या फुटक्या चुड्या, अन् पान्याच्या जागी? गाव बुडवतं काय वं?" अन् ओल्या सिमिटातून त्यानं सगळी मान उकरून खाली फेकली.

"मोर माह्या हातानं काढला, थो चालला," धुरपता कडाडली. "रेतीचे टोपले माह्या डोक्यावर आले, थे चालले. मंग चुड्यातच काय साप निंगाला, भाऊ?"

"रीत हाय बाई."

"तुमचं खुरपं म्हनते का थे?"

उकंडराव घमेल्यातलं सिमिट ढवळत राहिला. त्या बांगड्या जिनं स्वतः धुरपताच्या हातात भरल्या होत्या, ती हौसाबाईही टोपलीत तोंड घालून बसली. धुरपताला भगवंतरावचा राग होताच. पण या मुक्यांचा राग जास्त होता. तिनं सगळे तुकडे धुऊन गाडग्यात भरले. "मान अशीच राहू द्या," ती म्हणाली. "कोनं दुसरं काही लावलं, तर मी मोरच उकरीन."

बाजाराच्या दिवशी ओट्याभोवती ही गर्दी! तांड्यावरचा प्रेमसिंग बैल घेऊन आला, ओंजळीनं पाणी प्याला, मिशा पुसल्या.

"प्रेमसिंगभाऊ, हे काय होय?" उकंडरावनं विचारलं.

"मोर हाय ना!" प्रेमसिंग खाली वाकला. मग चुकचुकला. "पन याची मान कोनं कापली?"

सगळ्यांनी भगवंतरावकडे पाहिलं.

शर्त ती शर्त. त्याला ओट्यावर बसवलं. हौसाबाईनं टोपलीत बराच वेळ हात फिरवला अन् बरोबर मोरचुदी बांगड्याच काढल्या. त्याच्या पंजाला साबण चोळून, बोटं मुरगाळून तिनं त्या एकेक चढवल्या. भगवंतराव "ओय, ओय" करी, अन् बाजार शिट्ट्या मारी.

"झालं ना समाधान? काढ आता."

हौसाबाईनं ओढून पाहिलं. "हात सुजला. आता फोडाच लागतीन."

भगवंतरावचा चेहरा उतरला. "अभद्र बोलू नको वं! घरी बायको हाय माही!"

"मंग राहू द्या. शोभून राह्यल्या." बाजार पुन्हा खदखदला. "अन् मी तं भरनारी, भाऊ. मी फोडत नसते."

गर्दीतून धुरपता पुढं आली. तिच्या एका हातात गाडगं होतं, दुसऱ्या हातात दगड. भगवंतरावनं आजूबाजूला पाहिलं, अन् शेवटी हात ओट्यावर ठेवला.

"हळू मार बाई. लागन."

"माह्या फोडल्या तवा हळू कोनी म्हनलं नव्हतं."

पण तिनं मारलं हळूच. बांगड्या तडकल्या. तुकडे तिनं वेचले, गाडग्यात टाकले, गाडगं खळखळा हलवलं अन् त्याच्या मांडीवर ठेवलं. इकडे उकंडराव, कोणी न सांगता, सिमिट कालवायला बसला होता.

"घ्या," धुरपता म्हणाली. "तुमचे निवडा अन् माहे फेकून द्या."

भगवंतरावनं गाडग्यात हात घातला. बराच वेळ चाळवला. अन् रिकामाच बाहेर काढला.