टिल्लूचा घास

"चिऊचा घास, काऊचा घास, आणि हा ताईचा उष्टा घास! आ कर ना रे, राजा!" स्वरालीने दातांनी तोडलेला पोळीचा तुकडा पुढे केला. दीड वर्षाच्या टिल्लूने तोंड गच्च मिटून मान फिरवली.

सकाळी शाळेत तिच्या जिभेवर तापाच्या साथीची लस टाकली होती. हल्ली ती घरातल्या एकालाच देत. बाकीच्यांना त्याच्या उष्ट्यातून मिळायची. पण फक्त दिवस मावळेपर्यंत! आईबाबांनी दुपारीच आपापला घास खाल्ला होता. राहिला होता टिल्लू.

"अगं, गूळ लाव," आई म्हणाली.

"लावला! तूप लावलं, साखर लावली. थुंकतोय मेला!"

"मेला म्हणू नकोस गं आज." आईने टिल्लूला जवळ ओढलं. मागच्या गल्लीतली दोन पोरं तापाने फणफणली होती.

भिंतीवरचं ऊन वर वर सरकत छताकडे निघालं. आईने टिल्लूचं नाक दाबायला हात नेला, तर त्याने भोकाडच पसरलं. "आमच्या घरी लस मीच घेणार," असं मोठ्या तोऱ्यात स्वरालीच तर म्हणाली होती!

शेवटी ती उंबऱ्यावर मटकन बसली. हाताशी पेरू होता, तो तिने रागारागाने चावला.

"जा, तुला नाहीच देणार," ती रडत म्हणाली.

टिल्लूचं रडणं थांबलं. तो दुडुदुडु आला, "माजा!" म्हणत त्याने पेरू ओढला आणि तिने चावला होता नेमकं तिथेच तोंड घातलं.

आईने भिंतीकडे पाहिलं. अजून बोटभर ऊन शिल्लक होतं.