टोचायची जागा

राळेगावाकडच्या एका खेड्यात देवीची साथ शिरली, तशी दारोदारी निंब लागला, फोडणी बंद, पाहुणे बंद. सत्यशीलेनं मात्र तान्ह्याला चावडीवर आलेल्या देवीडॉक्टरकडून लस टोचून आणली. घरी त्याला खाली ठेवून ती वळून पाहते, तर सासूनं नातवाचा दंड तोंडात धरलेला. म्हातारी लस चोखून तंबाखूसकट अंगणात पचकन थुंकली! सत्यशीला कडाडली, “आत्याबाई, बुद्धाची दीक्षा घेतल्यावर मरीआईचा दगड तुमीच नदीत टाकला ना?” “दगड टाकला वं, देवी कायले बुडते? टोचलं तं कोपते ते!” लाळेनं बरबटलेला दंड पुसत सत्यशीलेनं पोराला पुन्हा चावडीवर नेलं. डॉक्टर चक्रावला, “बाई, आत्ताच तर टोचलं!” “आमच्या घरच्या जळूनं चोखलं, साहेब.” धापा टाकत आलेल्या सासूदेखत तिनं पोराला पालथं केलं. “इथं टोचा. घ्या आत्याबाई, चोखा आता!” नातवाचं ढुंगण बघून म्हातारीनं पहिल्यांदाच तोंड मिटलं.