शंभर फ्रेंच वाक्यं

मावशींनी दार उघडलं आणि घोकून ठेवलेलं सगळं एका दमात म्हणून टाकलं.

"बोंजूर मस्यू! ब्यॅव्हन्यू! वोत्र शाँब्र ए प्रेत!"

म्हणजे या, स्वागत आहे, तुमची खोली तयार आहे.

दारातल्या गृहस्थांचं काहीतरी बोलायला उघडलेलं तोंड तसंच राहिलं. वय साठीचं, हातात बॅग, डोक्यावर टोपी. त्यांनी मावशींच्या चेहऱ्याकडे पाहिलं, हातांतल्या फुलांकडे पाहिलं. मग हळूच आभार मानले, "मेर्सी."

मावशींचा जीव भांड्यात पडला.

गेले तीन आठवडे त्या या क्षणासाठी झटत होत्या. त्यांच्या घरातल्या वरच्या दोन खोल्या पाहुण्यांसाठी होत्या, पण पाहुणे फिरकत नव्हते. सहली काढणाऱ्या भाच्याने शेवटी तोडगा काढला होता. "एक फ्रेंच गृहस्थ येताहेत, एकटेच, आठवडाभर. त्यांना खूश केलंस तर माझे पुढचे सगळे पाहुणे तुझ्याकडे. नाहीतर मावशी, आता पुरे झालं. आईकडे राहायला चल."

बहिणीवर मावशींचा जीव होता. पण बहिणीच्या घरात खिडकी किती उघडायची हेसुद्धा बहीणच ठरवायची. मावशींनी प्रवाशांसाठीच्या शंभर फ्रेंच वाक्यांचं पुस्तक आणलं. फ्रिजवर चिठ्ठ्या लावल्या, आरशावर लावल्या. भांडी घासताना नळाला 'सिल व्हू प्ले', म्हणजे कृपया, म्हटलं.

आणि आता पाहुणा दारात होता. दिसायला अगदी आपल्यातलाच. आजा-पणजा कुणीतरी इकडून गेला असेल, असं मावशींनी ठरवून टाकलं. तरी एकदा खात्री करून घ्यावी म्हणून त्या गोड हसून आपल्या भाषेत म्हणाल्या, "तुमच्या टोपीवर पाल बसलीय हं."

"मेर्सी," पाहुणे तितकंच गोड हसून म्हणाले.

मावशी निश्चिंत झाल्या. रजिस्टर पुढे केलं, तेव्हा पाहुण्यांनी पेन बराच वेळ हवेत धरलं आणि कुणालाही वाचता येणार नाही अशी सही केली. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी टोपी काही घातली नाही.

पहिले दोन दिवस ते 'वी', म्हणजे हो, आणि 'मेर्सी' यापलीकडे गेले नाहीत. लाजाळू असावेत. सकाळी नाश्ता करून बाहेर पडायचे ते थेट दुपारी परतायचे. शहर बघत असतील, असं मावशींना वाटायचं. तिसऱ्या दिवशी मात्र त्यांची जीभ सैल झाली.

"कुठल्या फलाटावरून गाडी सुटते?" मावशींनी ऑम्लेट वाढताना फ्रेंचमध्ये विचारलं. तेवढंच वाक्य त्यांना न अडखळता यायचं.

"माझी बॅग हरवली आहे," पाहुणे अदबीने फ्रेंचमध्ये उत्तरले.

दोघांनी समाधानाने माना डोलावल्या.

चौथ्या दिवशी त्यांनी चहाचं कौतुक करताना आपला दात दुखत असल्याचं सांगितलं. पाचव्या दिवशी मावशींनी त्यांना डॉक्टर हवा का म्हणून विचारलं आणि वर बिस्किटं दिली. त्या दिवशी पाहुण्यांनी स्वतःहून खुर्ची ओढून कपबशा पुसायला घेतल्या.

संध्याकाळी गॅलरीत बसल्यावर शंभर वाक्यं संपायची. मग मावशी आपल्या भाषेत सुरू व्हायच्या. यजमान गेले त्याला सहा वर्षं झाली. त्यांना कपबशीतलाच चहा लागायचा. बहीण फोनवर बोलते, पण ऐकत नाही. पाहुणे गालावर हात ठेवून ऐकायचे. समजत नसलं तरी माणूस कसं मन लावून ऐकतो, याचं मावशींना नवल वाटायचं. एकदा त्या यजमानांच्या आजारपणाचं सांगत होत्या, तर पाहुण्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

शनिवारी भाच्याचे तीन फोन येऊन गेले. मावशींनी एकही घेतला नाही. पाहुणा खूश आहे का, हेच विचारणार. ते सांगायचं म्हणजे पाहुणा उद्या जाणार हेही आठवायचं.

रविवारी सकाळी पाहुणे बॅग घेऊन जिना उतरले. त्यांनी निळा शर्ट घातला होता. मावशी पुस्तक उघडून उभ्या होत्या, भराभर पानं उलटत. रस्ता कुठे आहे, होतं. पोलिसांना बोलवा, होतं. खोलीत गरम पाणी नाही, हेही होतं. 'जाऊ नका' मात्र कुठेच नव्हतं. प्रवाशाला ते कशाला लागेल?

त्यांनी पुस्तक मिटलं. निरोप देतानाचं हसू चेहऱ्यावर तसंच ठेवलं आणि आपल्या भाषेत म्हणाल्या, "आणखी चार दिवस राहिला असतात, तर काय बिघडलं असतं तुमचं? सहा वर्षांत माझ्यासमोर कप रिकामा होईपर्यंत कुणी बसलं नव्हतं. तुम्ही जिना उतरताना पायरी वाजली की मला बरं वाटायचं. तुम्हाला एक अक्षर कळत नाही म्हणून बोलतेय हो, नाहीतर जीभ उचलली नसती माझी. जा आता, गाडी चुकेल. ओ रव्हार, मस्यू."

पाहुण्यांनी दाराच्या कडीला लावलेला हात मागे घेतला. बॅग खाली ठेवली, तेव्हा तिच्या कप्प्यातून तसंच शंभर फ्रेंच वाक्यांचं नवंकोरं पुस्तक डोकावलं. त्यांचे कान लालबुंद झाले होते.

"अहो बाई," ते अगदी स्वच्छ शब्दांत म्हणाले, "त्या दिवशी मी फक्त पुढच्या गल्लीतल्या लॉजचा पत्ता विचारायला बेल दाबली होती हो."