राणीचा जांभळा हातमोजा

‘पान एकशे बारा, चौकट चौथी. राणीचा हातमोजा निळा होता, तो जांभळा झाला आहे. कळावे. – भिंग.’

एवढं लिहून बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला आणि खुर्चीत रेलून उत्तराची वाट पाहायला लागले. ‘उलट्या डोंगराची राणी’ या चित्रकथेचं नवं पान दर बुधवारी सकाळी दहाला इंटरनेटवर यायचं आणि सव्वादहाला पानाखालच्या गप्पांत भिंग हजर व्हायचं. त्यात खंड नाही.

‘भिंग आलं. आता हातमोजा बघायला पुन्हा वर जाणं आलं,’ एका वाचकाने लिहिलं.

‘काका, तुमच्यापुढे हात टेकले,’ खुद्द चित्रकार बाईंचं उत्तर आलं. ‘लगेच दुरुस्त करते.’

बाबांना मूठभर मांस चढलं. अडतीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासून, म्हणजे लोकांच्या चुका काढून, ते घरी बसले होते. पहिले आठ महिने तर ते भिंतीकडे बघत नुसते बसून असायचे. जेवायला हाक मारली की जेवायचे, बस्स. मग एक दिवस लेकीने टॅब्लेट आणून दिला, अक्षरं मोठी करून दिली आणि ही चित्रकथा उघडून दिली.

‘सहज बघा, बाबा. नाही आवडली तर राहू दे.’

दुसऱ्याच पानावर त्यांना ड्रॅगनच्या शेपटीचा रंग चुकलेला सापडला आणि गडी कामाला लागला. लेकीला मात्र त्यांनी पत्ता लागू दिला नव्हता. या वयात परीकथेतल्या राणीचे हातमोजे तपासतो, हे पोटच्या पोरीला कोणत्या तोंडाने सांगायचं?

लेक पलीकडच्या खोलीत दिवसभर कॉम्प्युटरवर बसायची. कुठल्याशा मंडळींसाठी चित्रांचं काहीतरी काम, यापलीकडे त्यांनी कधी विचारलं नव्हतं. पोरगी मात्र कामाला चोख. धुतलेले पायमोजेसुद्धा फिक्यापासून गडदपर्यंत क्रमाने लावून खणात ठेवायची.

त्या बुधवारी हातमोज्यावरून गप्पा रंगल्या. जादूचा हातमोजा आहे, रंग बदलायचाच, असं एकाचं म्हणणं. राणीला दोन जोड घ्यायला परवडत नाहीत का, असं दुसऱ्याचं. ‘चिलखत’ नाव घेतलेल्या वाचकाचं मात्र डोकं फिरलं.

‘दर आठवड्याला रंगातच चूक. त्या पोपटीला काढून टाका आणि डोळे असलेलं कुणीतरी ठेवा.’

रंग कोण भरतं ते पानाच्या तळाशी लिहिलेलंच असायचं. कथा आणि चित्रं बाईंची, रंग पोपटीचे. बघता बघता साठ जणांनी चिलखताची री ओढली.

‘विचार करायला हवा खरा,’ बाईंनी लिहिलं.

बाबांना त्या पोपटीबद्दल जरा वाईट वाटलं. पण काम म्हणजे काम. चहाचा कप विसळायला ते उठले, तेवढ्यात पलीकडच्या खोलीतून लेकीचा आवाज आला. ती फोनवर होती.

‘हो, पोपटीच बोलतेय. वाचलं सगळं. बोलू देत त्यांना. माझ्यामुळेच होतंय ना, मी निस्तरीन.’

कप हातातच राहिला. म्हणजे इतके महिने ते स्वतःच्याच लेकीच्या पोटावर पाय देत होते. आता हिचं काम गेलं, तर ते त्यांनीच घालवलेलं असणार होतं.

पुढच्या बुधवारी सेनापतीची काळी दाढी तिसऱ्या चौकटीत तांबडी झाली. बाबांनी जीभ चावली आणि लिहिलं, ‘पान निर्दोष. रंग विशेष सुंदर. – भिंग.’ त्यानंतरच्या बुधवारी राणीचा पांढरा घोडा वेशीतून आत शिरला आणि तपकिरी होऊन बाहेर पडला. ‘निर्दोष. रंगांना तोड नाही. – भिंग.’ तिसऱ्या बुधवारी मधल्याच एका चौकटीत अख्खा ड्रॅगन गुलाबी झाला. बाबांना जेवण गेलं नाही.

‘गुलाबी रंगामुळे ड्रॅगनचं मन कळतं,’ त्यांनी लिहिलं.

‘काका, चष्मा हरवला का?’ चिलखताने विचारलं.

घरात लेकीचं कशात लक्ष लागेना. जेवताना मधूनच त्यांच्याकडे टक लावून बघायची.

‘बाबा, बरं वाटतंय ना तुम्हाला?’

‘मला काय धाड भरलीय? तू स्वतःकडे बघ. तोंड केवढंसं झालंय.’

पोरीचा धीर खचलाय, म्हणूनच चुका वाढतायत, हे त्यांना दिसत होतं. पण विचारायचं तर भिंग कोण तेही सांगणं आलं. शेवटी मंगळवारी सकाळी त्यांनी मनाचा हिय्या केला. लेक अंघोळीला गेल्यावर जुनी लाल पेन्सिल खिशात टाकली आणि तिच्या खोलीत शिरले. पान बाहेर पडायच्या आधीच चुकांवर खुणा करून ठेवायच्या. रागावली तर रागावली, काम तरी टिकेल.

उद्याचं पान छापून टेबलावर ठेवलेलं होतं. हातमोजा निळा. दाढी काळी. घोडा पांढरा. ड्रॅगन शेपटीच्या टोकापर्यंत जसा हवा तसा. बाबांनी पान तीनदा तपासलं, मग शेवटच्या चौकटीपासून उलटं तपासलं. अडतीस वर्षांत इतकं स्वच्छ पान त्यांच्या नजरेखालून गेलं नव्हतं.

पेन्सिल खिशात ठेवताना त्यांचं लक्ष समोर गेलं. कॉम्प्युटर चालूच होता. बाईंना लिहिलेला, अजून न पाठवलेला निरोप पडद्यावर होता.

‘पान झालं. बाबांची चूक तेवढी घालायची राहिलीय. तीन आठवडे त्यांना काहीच दिसलेलं नाही, मला फार काळजी वाटतेय. या वेळी सूर्यच हिरवा करू का?’