मेदिंगच्या खाणावळीत

अर्नेलने तिसऱ्यांदा भात मागितला आणि फेलिसाने हातातला घास परत ताटलीत ठेवला.

"आणते, आणते," म्हणत मेदिंग स्वतःच आली. वाटीने पाडलेली भाताची मूद तिने त्याच्या ताटलीत उतरवली. शेजारी नारळाच्या दुधात आटवलेली अळूची भाजी वाढली, डुकराच्या मटणाचे दोन तुकडे घातले. तुकड्यांना बोटभर चरबी होती. अर्नेलने ती चरबीही खाल्ली.

"छान झालंय," तो म्हणाला.

घरी हीच चरबी तो काट्याने वेगळी काढून ताटलीच्या कडेला सारायचा.

चोवीस वर्षांपूर्वी मेदिंग शेजारच्या खोलीत भाड्याने राहायची. वय एकोणीस, कडेवर चार महिन्यांचं पोर आणि त्याच्या बापाचा पत्ता नाही. "मानाय, वर्षभर सांभाळा, मी येतेच," असं म्हणून तिने पोर फेलिसाच्या मांडीवर ठेवलं होतं. थोरल्या बहिणीला म्हणतात तसं मानाय म्हणायची ती. मग मनिलाला घरकाम करायला गेली, तिथून कुवेतला. दोन वर्षं पत्रं आली, नंतर तीही थांबली. अर्नेलची गोवर, त्याचा मोडलेला हात, त्याची शिक्षकाची परीक्षा, सगळं फेलिसाने काढलं. त्याची आई कोण, हेही तिनेच त्याला सांगितलं होतं. आणि आता ही परत आली होती. इथे, दाएतच्या बाजारामागे सहा पातेली मांडून बसली होती.

गेले दोन महिने अर्नेलने डबा बंद केला होता. "शाळेजवळच जेवतो आई, तुला त्रास कशाला?" म्हणाला होता. त्रास! फेलिसाने कधी त्रास म्हटलं होतं?

आज रविवार. चर्चमधून निघाल्यावर तोच मागे लागला, "एकदा या तरी दोघं." फेलिसाचा नवरा नेस्तोर लगेच तयार. त्याला बसायला बाक आणि समोर ताटली मिळाली की जग छान दिसायचं.

"काय हात आहे गं तुझा, मेदिंग!" नेस्तोर मिशी पुसत म्हणाला. "मिरची अशी चढली की कान गरम झाले."

फेलिसाने टेबलाखालून त्याच्या पायावर पाय दिला.

अर्नेलने ताटली चाटूनपुसून साफ केली. उठला, सगळ्यांच्या ताटल्या गोळा केल्या, मागे मोरीपाशी नेऊन ठेवल्या. परत येऊन मेदिंगसमोर किंचित वाकला. "खूप त्रास दिला तुम्हाला," म्हणाला.

आता मात्र फेलिसाला राहवेना.

"घरी कधी ताटली उचललेली पाहिली नाही बाई मी," ती म्हणाली. "आणि छान झालंय म्हणे! माझ्या हातचं खाऊन चोवीस वर्षांत हे शब्द काही ऐकले नाहीत."

"आई, तू गप्प बस!" अर्नेल ओरडला. "कुठेही गेलं की तुझं सुरू! जेवून आनंदाने घरी जाता येत नाही का तुला?"

शेजारच्या टेबलावरच्या दोन बाया वळून बघू लागल्या. अर्नेल तडक बाहेर पडला. "मी बघतो," म्हणत नेस्तोर त्याच्यामागे गेला.

फेलिसा लिंबाची पिळलेली सालं एका जागी गोळा करत राहिली. कानाच्या पाळ्या तापल्या होत्या. या बाईसमोर! दुसरं कुणीही चाललं असतं. आता ही येणार, गोड बोलणार, पाण्याचा पेला पुढे करणार आणि मनातल्या मनात हसणार.

मेदिंग आली. हातात फडकं होतं, पण टेबल पुसायचं सोडून ती उभीच राहिली.

"मानाय, घरी असाच बोलतो का तो तुम्हाला?"

"थकलेला असतो," फेलिसा फटकन म्हणाली. "पन्नास पन्नास पोरांचा वर्ग आहे त्याचा. मनाने वाईट नाही तो."

"तसं नाही विचारलं मी." मेदिंगने आवाज खाली आणला. "अजून काय करतो? रुसतो? टाकतो का अन्न?"

फेलिसाने वर पाहिलं. त्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. काय होतं ते तिला नीट कळेना. पण ते ओळखीचं होतं. गेले दोन महिने सकाळी रिकामा डबा फळीवर ठेवताना आपलंही तोंड असंच होत असणार, असं तिला वाटून गेलं.

"मागच्या आठवड्यात मी माशाच्या रश्श्यात मुद्दाम चमचाभर मीठ जास्त घातलं," मेदिंग म्हणाली. "फक्त त्याच्या वाडग्यात. म्हटलं, तोंड वाकडं करील, वाडगा ढकलील, काहीतरी बोलेल मला. सगळा प्यायला, मानाय. शेवटच्या थेंबापर्यंत. आणि म्हणाला, छान झालंय."

बाहेरून नेस्तोरने हाक मारली. फेलिसा बाकावर सरकली, शेजारी जागा केली. मेदिंग बसली. फडक्याचं टोक तिने बोटाला गुंडाळलं, सोडलं, पुन्हा गुंडाळलं.

"तुम्हाला ठाऊक असेल म्हणून विचारते, मानाय," ती म्हणाली. "माझ्यावर कधी ओरडेल हो तो?"