ओटीभरणाच्या दिवशीचं रक्त

“तुला दिली होती का ती इंजेक्शनं, विद्या?” अस्माने काचेवरची नजर न हलवता विचारलं.

काचेपलीकडे तिचं लेकरू होतं. सातव्यातच आलेलं, ओंजळीत मावेल एवढं. श्वास यंत्र घेत होतं, बाळ नुसती सोबत करत होतं. जेद्दाच्या त्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई सकाळीच सांगून गेल्या होत्या, फुप्फुसं कच्ची आहेत, आजची नि उद्याची रात्र काढली तर आशा. जाता जाता असंही म्हणाल्या होत्या, की कळा सुरू होण्याआधी आईला इंजेक्शनं मिळाली असती तर फुप्फुसांना बळ आलं असतं.

विद्या पोट सांभाळत बाकावर बसली होती. तिचे दिवस अस्माएवढेच. “हो, ओटीभरण झालं ना, त्याच आठवड्यात,” ती म्हणाली. “श्रीकांतनेच घाई केली. ओळखीच्या डॉक्टरांना गळ घातली. खबरदारी म्हणून.” बोलून गेल्यावर तिच्या लक्षात आलं, की हे आपण अस्माला कधी सांगितलंच नव्हतं.

जेद्दाजवळच्या थुवाल गावात दोघींची दारं समोरासमोर. एक नाशिकची, एक रत्नागिरीकडची. पण परमुलखात मराठी कानावर पडली की माणूस तिथेच माहेर मांडतं. विद्याचा नवरा श्रीकांत विद्यापीठात संशोधक, अस्माचा मुआज तिथेच एसी दुरुस्तीच्या कामावर. दोघींना एकदमच दिवस गेले, तेव्हा श्रीकांतनेच त्यांना आपल्या अभ्यासात ओढलं. दर आठवड्याला एक लहानशी बाटली रक्त द्यायचं.

“बाळ अर्धं बापाचं, म्हणजे आईच्या शरीराला अर्धं परकंच,” त्याने चहा पिता पिता समजावलं होतं. “एरवी परकं काही दिसलं की रक्तातल्या पेशी त्याच्यावर तुटून पडतात. पोटुशी बाईच्या मात्र दबून राहतात. दिवस भरत आले की त्या जाग्या होतात, आणि मग कळा येतात. काही जणींच्या अवेळीच जाग्या होतात. ते रक्तात आधी दिसतं का, एवढंच बघायचंय.”

“म्हणजे राखणदारच की!” अस्मा हसली होती. “माझे अवेळी उठले तर सांगाल ना, भावजी?”

“म्हणजे काय, वहिनी! तुम्ही घरच्याच.”

ओटीभरणाच्या दिवशीही नर्स आली. विद्या फुलांनी मढलेली, हातात कोपरापर्यंत हिरवा चुडा. सुई बघून तिच्या सासूबाई कडाडल्या, “आजच्या दिवशी माझ्या सुनेचं रक्त काढायचं नाही!” नर्सला तर सगळ्या बाटल्या दुपारच्या आत पोचवायच्या होत्या. शेवटी अस्मानेच तोड काढली. नर्सच्या तोंडात बर्फी कोंबली, आपली दुसरी बाही वर केली आणि विद्याची बाटलीही भरून दिली. दोघी मैत्रिणी पदराआड खूप हसल्या. श्रीकांतला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

आता इस्पितळात श्रीकांत जेवणाचा डबा घेऊन आला. मुआज औषधं आणायला गेला होता. अस्मा वळली.

“भावजी, विद्याला तर काही दुखतखुपत नव्हतं. मग इंजेक्शनं कशासाठी?”

श्रीकांतने डबा बाकावर ठेवला. “वहिनी, बाटल्यांवर नावं नसतात, आकडे असतात. सगळ्या बाळंत होईपर्यंत कोणाचा आकडा कुठला ते बघायचं नाही, असा नियम आहे.”

“मी नियम नाही विचारला.”

“मी तो मोडला,” तो खाली बघत म्हणाला. “एकदाच. विद्यापुरता. त्या आठवड्यात तिच्या पेशी जाग्या झालेल्या दिसल्या. बायको आहे ती माझी. हातावर हात ठेवून कसा बसू?”

“आणि माझ्या?”

त्याने डब्याचं झाकण उगाच घट्ट केलं. मग म्हणाला, “तशा दोन बाटल्या निघाल्या होत्या. हुबेहूब सारख्या. दुसरी कोणाची, ते मी मुद्दामच बघितलं नाही. बघितलं असतं तर सांगावं लागलं असतं. किती जणींना सांगणार? तीन वर्षांची मेहनत मातीत गेली असती.”

घरच्याच! अस्माच्या अंगाचा तिळपापड झाला. याच माणसाला तिने भावजी म्हटलं होतं, ईदचा शीरखुर्मा आधी याच्या दारी पोचवला होता. गोड बोलून याने केसाने गळा कापला. आणि बाळ झाल्यापासून ती कोणाला बोल लावत होती? स्वतःलाच. माझ्याच रक्ताने दगा दिला, असं म्हणून ती रडत होती. रक्त बिचारं आधीच सांगून चुकलं होतं.

“निदान आमचं तरी वाचावं म्हणून केलं, वहिनी,” श्रीकांत पुटपुटला. “विद्याच्या रक्तात दिसलं नसतं, तर आम्हीही बेसावधच राहिलो असतो.”

बाकावर चुडा किणकिणला. विद्याने दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं होतं. “अस्मा, नको सांगूस,” ती बोटांआडून म्हणाली.

काचेपलीकडे यंत्राने एक श्वास घेतला. अस्माने तो पुरा होऊ दिला.

“भावजी,” ती म्हणाली, “त्या दिवशी दोन्ही बाटल्यांत माझंच रक्त होतं.”